बहात्तर तास, अठ्ठावीस दिवस : काही आकड्यांची उलटतपासणी

एड्सविषयी शाळेत जे सांगितले जाते त्याचा गाभा दोन वाक्यांत मावतो. एच.आय.व्ही. या विषाणूची लागण ठरावीक मार्गांनी होते, ते मार्ग टाळा. आणि एकदा लागण झाली की ती मुळापासून घालवणारे, सर्वांना देता येईल असे औषध नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत. तक्रार आहे ती या दोन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेविषयी.

लागण होऊ शकेल अशी घटना घडून गेली आहे, पण लागण झाली की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही, असा एक काळ असतो. रुग्णाचे रक्त काढताना परिचारिकेच्या बोटात सुई घुसते. रुग्णालयाचा कचरा उचलताना सफाई कामगाराला वापरलेली सुई टोचते. एखाद्या मुलीवर अत्याचार होतो. निरोध फाटतो. या माणसांना 'मार्ग टाळा' हा उपदेश आता निरुपयोगी आहे आणि 'औषध नाही' हे वाक्य घातक आहे. कारण त्यांच्यासाठी औषध आहे. फक्त ते काही तासांत सुरू करावे लागते.

ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर रेबीजची लस घ्यायची, हे गावातल्या लहान मुलालाही माहीत असते. पूर्वी पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आजी-आजोबा अजून सांगतात. पाश्चरने १८८५ साली योझेफ मायस्टर या मुलाला लस दिली तीही कुत्रा चावल्यानंतर. रेबीज एकदा प्रकट झाला की जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, हे आपण शिकवतो. पण चावा आणि रोग यांच्यामध्ये काय करायचे हेही शिकवतो. एच.आय.व्ही.च्या बाबतीत मात्र धडा चाव्यापाशीच संपतो.

जेथे या उपचाराची माहिती दिली जाते, तेथे ती बहुधा चार आकड्यांच्या रूपाने येते. ७२ तासांच्या आत औषध सुरू करा. २८ दिवस घ्या. ८१ टक्के संरक्षण मिळते. तीन महिन्यांनी चाचणी करा. भित्तिपत्रकावर हे आकडे एका ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापले की ते सारखेच भक्कम वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे उगम वेगवेगळे आहेत आणि त्यांच्यामागच्या पुराव्याचे वजनही वेगवेगळे आहे. आकडा कोठून आला हे कळले नाही की त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो, आणि येथे चुकीच्या अर्थाची किंमत मोठी असते. म्हणून हे आकडे एकेक करून तपासू.

औषध काय करते?

आधी यंत्रणा पाहू. एच.आय.व्ही.चा जनुकीय आराखडा आर.एन.ए.च्या रूपात असतो. विषाणू आपल्या पेशीत शिरला की 'रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज' हे त्याचे विकर त्या आराखड्याची डी.एन.ए. प्रत तयार करते. नंतर 'इंटिग्रेज' हे दुसरे विकर ती प्रत पेशीच्या गुणसूत्रात जोडून टाकते. जोडणी झाली की तो आराखडा पेशीचाच भाग होतो. ती पेशी जिवंत आहे तोवर तो तेथे राहतो आणि पेशीचे विभाजन झाले तर पुढच्या पेशींतही उतरतो. 'बरे करणारे औषध नाही' या वाक्याचे मूळ या जोडणीत आहे.

संसर्गाच्या शक्यतेनंतर द्यायच्या प्रतिबंधक उपचाराला डॉक्टर मंडळी 'पेप' म्हणतात. त्यातील औषधे विषाणूला थेट मारत नाहीत. वरच्या दोन पायऱ्या अडवतात. भारतात सध्या बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. पहिली दोन डी.एन.ए. प्रत तयार होऊ देत नाहीत, तिसरे जोडणी होऊ देत नाही. सुरुवातीला विषाणू थोड्याच पेशींत पोचलेला असतो. त्याला नव्या पेशी मिळाल्या नाहीत, तर लागण झालेल्या थोड्या पेशी मरून जातात आणि साखळी तुटते. साखळी शरीरभर पसरल्यावर हेच औषध तिला दाबून ठेवते, पण तोडू शकत नाही. रेबीजची लस शरीराला प्रतिकार शिकवते. येथे लस नाही, केवळ अडथळा आहे. म्हणून तो लवकर उभा करावा लागतो आणि काही काळ उभा ठेवावा लागतो.

८१ टक्के : छत्री आणि पाऊस

आता आकडे. सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडा ८१ टक्क्यांचा. तो १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला. १९८८ ते १९९४ या काळात बाधित रक्ताची सुई किंवा तत्सम धारदार वस्तू लागून एच.आय.व्ही.ची लागण झालेले ३३ आरोग्य कर्मचारी संशोधकांनी घेतले. त्यांची तुलना अशीच इजा होऊनही लागण न झालेल्या ६६५ जणांशी केली. कोणी झिडोव्ह्युडिन हे औषध घेतले होते, कोणी नाही, हे नोंदींवरून पाहिले. निष्कर्ष असा : औषध घेणाऱ्यांत लागणीची शक्यता ८१ टक्क्यांनी कमी दिसली.

येथे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : हा प्रयोग आहे का? नाही. प्रयोगात कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. येथे औषध घ्यायचे की नाही हे ज्याचे त्याने, किंवा त्याच्या डॉक्टरने, ठरवले होते. आणि माणूस असा निर्णय चिठ्ठी टाकून करत नाही. ज्याची जखम खोल, ज्याच्या सुईवर रक्त दिसत होते, तो घाबरून औषध घेणार. ज्याला नुसता ओरखडा उठला, तो सोडून देणार. म्हणजे औषध घेणाऱ्यांचा गट मुळातच जास्त धोक्यातला.

याचा परिणाम समजण्यासाठी पावसाळ्यातील एका दिवसाची कल्पना करा. संध्याकाळी गावातल्या लोकांकडे पाहिले, तर छत्री घेऊन गेलेल्यांतही बरेच जण भिजलेले दिसतील आणि छत्री न घेतलेल्यांत कोरडे पुष्कळ. कारण जोराच्या पावसात बाहेर पडलेल्यांनीच छत्री घेतली. बाकीचे घरात होते. यावरून छत्री निरुपयोगी ठरत नाही. सारख्याच पावसात चाललेल्यांची आपसांत तुलना केली, तरच छत्रीचा गुण कळतो. या अभ्यासात नेमके हेच घडले. सरळ मोजणीत लागण झालेल्यांपैकी तीस टक्क्यांपेक्षा किंचित कमी लोकांनी आणि लागण न झालेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के लोकांनी औषध घेतलेले आढळले. फरक अगदीच किरकोळ. जखमेची खोली, सुईवर दिसणारे रक्त, सुई रक्तवाहिनीत गेलेली होती का, आणि मूळ रुग्णाचा आजार शेवटच्या टप्प्यातला होता का, या 'पावसाच्या जोरा'चा हिशेब केल्यावर ८१ टक्के हा आकडा बाहेर आला. हिशेबाची पद्धत योग्यच आहे. पण ८१ टक्के हे मोजलेले नसून मोजमापांवर दुरुस्त्या करून काढलेले आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय लागण झालेले आणि न झालेले लोक एकाच यादीतून निवडलेले नव्हते. अनेक देशांतील नोंदी एकत्र केल्या होत्या.

दुसरा प्रश्न : आकडा किती नेमका आहे? लागण झालेले फक्त ३३. इतक्या लहान संख्येवरून काढलेला अंदाज सैल असणारच. संशोधकांनीच दिलेल्या मर्यादा ४८ ते ९४ टक्के अशा आहेत. भित्तिपत्रकावर ८१ छापला जातो, या मर्यादा छापल्या जात नाहीत. 'निम्म्यापासून ते जवळजवळ पूर्ण' असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरले असते.

तिसरा प्रश्न : ८१ टक्के कशाचे? येथे वाचकाची सर्वांत मोठी गफलत होते. ८१ टक्के संरक्षण म्हणजे उरलेले १९ टक्के लोक बाधित होतात, असे पुष्कळांना वाटते. थोडे गणित करू. बाधित रुग्णाची सुई टोचल्याने लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. अशा १०,००० घटना घेतल्या, तर काहीही उपचार न करता सुमारे ३० जणांना लागण होईल. ९,९७० जण तसेही सुटतील. सर्वांनी औषध घेतले आणि ८१ टक्के हा आकडा खरा धरला, तर ३० चे सुमारे ६ होतील. म्हणजे औषध घेऊनही लागण होण्याची शक्यता १९ टक्के नव्हे, तर ०.०६ टक्के. याच गणिताची दुसरी बाजूही आहे. 'मी औषध घेतले म्हणून वाचलो' असे कोणीही एकटा माणूस ठामपणे म्हणू शकत नाही. दहा हजारांतील ९,९७० जण औषधाविनाही वाचले असते. औषधाचा गुण समूहात दिसतो, एका माणसात नाही.

मग चिठ्ठ्या टाकून प्रयोग का केला नाही? त्याचे उत्तरही याच गणितात आहे. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी, असे हजार-हजार लोक घेतले, तर एका गटात ३ आणि दुसऱ्यात एखाद्याच लागणीची अपेक्षा. ३ आणि १ यांतला फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्यासाठी प्रत्येक गटात कित्येक हजार लोक हवेत. असा एक प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला होता. पण सुई टोचलेले लोक बिनऔषधी गोळी मिळण्याचा धोका पत्करायला तयार होईनात आणि तो बंद करावा लागला. पुढे अनुकूल पुरावा साचत गेल्यावर असा प्रयोग करणे नीतीला धरून राहिले नाही.

मग या अपुऱ्या पुराव्यावर विश्वास का ठेवायचा? कारण तो एकटा नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या एका प्रयोगात बाधित गरोदर स्त्रियांना आणि जन्मानंतर सहा आठवडे त्यांच्या बाळांना झिडोव्ह्युडिन दिले. बाळांतील लागणीचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. त्यातला काही भागच 'संपर्कानंतरचा' होता, हे खरे. तरीही योग्य वेळी दिलेले औषध लागण रोखू शकते, हे माणसात सिद्ध झाले. त्याला माकडांवरील प्रयोगांची जोड मिळाली. शिवाय आजची तीन औषधे एकट्या झिडोव्ह्युडिनपेक्षा अधिक प्रभावी आहेत. वेगवेगळ्या दिशांनी आलेले, एकेकटे दुबळे, पण एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवणारे पुरावे मिळून जे बळ तयार होते, ते येथे आहे. विज्ञानात पुष्कळदा असेच काम चालते, आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे हे उत्तम उदाहरण आहे.

७२ तास : ही मुदत नव्हे

७२ तासांचा आकडा माणसांवरील प्रयोगातून आलेला नाही. तो प्रामुख्याने माकडांकडून आला.

मकाक जातीच्या माकडांत एच.आय.व्ही.चा एक भाऊबंद, एस.आय.व्ही., असाच आजार घडवतो. १९९६ च्या एका अभ्यासात योनिमार्गात विषाणू सोडल्यावर तो दिवसाभरात तेथील अस्तराखालच्या पेशींत, दोन दिवसांत जवळच्या लसिका ग्रंथींत आणि पाचव्या दिवसापर्यंत रक्तात आढळला. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत तो वेशीवर असतो, गावभर झालेला नसतो.

उपचाराचा मुख्य प्रयोग १९९८ सालचा. माकडांच्या शिरेत विषाणू टोचला आणि चार-चार माकडांच्या गटांना वेगवेगळ्या वेळी टेनोफोव्हिर सुरू केले. २४ तासांनी सुरू करून २८ दिवस दिले, तेव्हा चारही माकडे वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केले, तेव्हा सर्व वाचली नाहीत. २००० सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात योनिमार्गे लागण करून १२, ३६ आणि ७२ तासांनी औषध सुरू केले. पहिले दोन्ही गट पूर्ण सुटले, ७२ तासांच्या गटातील एका माकडाला लागण झाली.

आता आकड्याचा अर्थ पाहा. ७२ व्या तासापर्यंत दार उघडे आणि ७३ व्या तासाला बंद, असे निसर्गात काही घडत नाही. संरक्षण पहिल्या तासापासूनच उतरत जाते. ७२ तास ही रेघ 'यानंतर उपयोगाची आशा फारच थोडी' एवढ्यासाठी आखलेली आहे. तीही चार-चार माकडांच्या गटांवरून. अशा गटात एक माकड म्हणजे २५ टक्के. भारतातील मार्गदर्शक सूचना पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत घ्यायला सांगतात, ७२ तास ही शेवटची मर्यादा म्हणून देतात. लोकांच्या ध्यानात मात्र मोठा आकडाच राहतो. 'अजून दोन दिवस आहेत, सोमवारी पाहू' असे म्हणणारा माणूस नियम पाळतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो औषधाची ताकद वाया घालवत असतो. वीजबिल भरण्याच्या शेवटच्या तारखेसारखा हा आकडा वाचायचा नाही. बिल पहिल्या दिवशी भरले काय आणि शेवटच्या दिवशी भरले काय, सारखेच. येथे तसे नाही.

२८ दिवस : सर्वांत कच्चा दुवा

१९९८ च्याच प्रयोगात २४ तासांनी सुरू केलेले औषध १० दिवसांनी थांबवले, तेव्हा निम्मीच माकडे वाचली. तीन दिवसांनी थांबवले, तेव्हा एकही नाही. म्हणून २८ दिवस. २१ दिवस पुरले असते का, ३५ दिवस अधिक चांगले का, हे माणसांत तुलना करून कोणी ठरवलेले नाही. आकडा गोल आहे, पण त्यामागचा धडा पक्का आहे : मध्येच सोडलेले औषध भरवशाचे नाही.

आणि मध्येच सोडण्याचे प्रमाण धक्कादायक आहे. जगभरातील ९७ अभ्यास एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांनीच तो पूर्ण केल्याचे आढळले. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के, आणि किशोरवयीन मुलामुलींत सुमारे ३७ टक्के. त्या काळातील जुन्या औषधांनी मळमळ आणि थकवा पुष्कळ येई. आजची गोळी सोसायला सोपी आहे. पण केवळ मळमळीने हे आकडे समजत नाहीत. गोळ्या घरी कोठे ठेवायच्या, कोणी विचारले तर काय सांगायचे, ही त्या वयातली खरी अडचण असते. औषधाच्या गुणावर आपण इतकी चर्चा करतो, पण ८१ टक्के गुणाचे औषध निम्म्या लोकांनी मध्येच सोडले तर समाजाला मिळणारे संरक्षण निम्म्यावर येते. प्रयोगशाळेतील कोणत्याही सुधारणेपेक्षा सोबत असलेले एक विश्वासू मोठे माणूस येथे जास्त फरक पाडू शकते.

चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

सुई टोचली, दुसऱ्या दिवशी चाचणी केली, 'निगेटिव्ह' आली, सुटलो. हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर स्वतंत्र लिहावे लागते.

नेहमीच्या जलद चाचण्या विषाणू शोधत नाहीत. शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ती तयार व्हायला वेळ लागतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेले अंदाज असे : विषाणूचे आर.एन.ए. शोधणारी चाचणी लागणीनंतर १० ते ३३ दिवसांत, प्रतिजन व प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी १८ ते ४५ दिवसांत, आणि केवळ प्रतिपिंडांची चाचणी २३ ते ९० दिवसांत लागण दाखवू शकते. 'तीन महिने' हा सर्वश्रुत आकडा या शेवटच्या प्रकारातून आला आहे. म्हणजे 'विंडो पीरियड' हा एकच आकडा नाही. तो चाचणीवर अवलंबून असतो आणि माणसागणिक बदलतो.

मग घटनेच्या दिवशी चाचणी का करतात? कारण ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते : या घटनेच्या आधीच लागण होती का? आधीच लागण असेल तर २८ दिवसांचा उपचार पुरणार नाही, कायमचा उपचार हवा. पण या चाचणीच्या निकालासाठी पहिली गोळी थांबवायची नसते. कालच्या घटनेविषयी ही चाचणी काहीच सांगू शकत नाही. रात्री आकाशात दिसणारा तारा जसा आजचा नसतो, तसा प्रतिपिंडांचा निकाल काही आठवड्यांपूर्वीचा असतो.

म्हणून घटनेनंतर सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी, असे भारतीय सूचना सांगतात. औषधामुळे विषाणूची वाढ दबलेली असेल तर प्रतिपिंडे उशिरा दिसू शकतात, हेही त्यामागचे एक कारण आहे. या काळात रक्तदान करू नये आणि लैंगिक संबंधांत निरोध वापरावा.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक. पहिली जलद चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे लागण झालीच, असे नाही. भारतात प्रौढांतील एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारांत दोन. समजा, एक चाचणी हजार निरोगी माणसांपैकी केवळ पाच जणांना चुकून बाधित ठरवते. ही चांगलीच चाचणी म्हणायची. आता सरसकट हजार जणांची चाचणी केली, तर खरे बाधित दोन आणि चुकून ठरलेले पाच निघतील. सातांपैकी पाच जण निरोगी! म्हणून लक्षणे नसलेल्या माणसाला बाधित ठरवण्यापूर्वी वेगवेगळ्या तत्त्वांवरील तीन चाचण्या जुळाव्या लागतात. एका पट्टीवरील दोन रेघा पाहून कोणाला काही सांगू नये. दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकवताना हे उदाहरण फाशांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

वर्गात काय सांगावे?

यावर काही शिक्षकांचा एक आक्षेप असतो : नंतरचा उपाय आहे असे सांगितले तर मुले बेफिकीर होतील. २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला, त्यामागेही असाच विचार होता. पण रेबीजची लस आहे म्हणून कोणी पिसाळलेल्या कुत्र्यापुढे हात धरत नाही. अज्ञानाची किंमत मात्र नेमकी कोणाला मोजावी लागते, हे वर आलेल्या यादीत पाहा : परिचारिका, सफाई कामगार, अत्याचाराला बळी पडलेली मुलगी. यांच्यापैकी कोणीही बेफिकिरीने तेथे पोचलेले नाही.

शिक्षकाने किमान पुढील गोष्टी स्वतः जाणून घ्याव्यात. सुई टोचली तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. दाबून रक्त काढायचे नाही, बोट तोंडात घालायचे नाही, ब्लीच किंवा जळजळणारे जंतुनाशक ओतायचे नाही. मग थेट शासकीय रुग्णालयात किंवा ए.आर.टी. केंद्रात जायचे, १०९७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते. औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टर जोखीम पाहून ठरवतील. प्रत्येक घटनेला औषध लागतेच असे नाही. मैदानात पडलेल्या जुन्या सुईतून एच.आय.व्ही.ची लागण होण्याची शक्यता अत्यल्प असते. अशा वेळी धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी यांचा विचार आधी करावा लागतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुईतून कितीतरी सहज पसरतो. लस न घेतलेल्या माणसात ही शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्याची लस उपलब्ध आहे, पण एड्सच्या भीतीपुढे तिची आठवण कोणाला राहत नाही.

अत्याचाराच्या घटनेत शिक्षकाची जबाबदारी आणखी मोठी आहे. बालकाला तातडीचे उपचार देताना एच.आय.व्ही. प्रतिबंधाचाही विचार व्हावा, अशी तरतूद 'पॉक्सो' नियमांतच आहे, आणि उपचारापूर्वी पोलिसांचे पत्र मागता येत नाही. पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहेच. पण कळवणे आणि रुग्णालयात नेणे ही कामे एकामागून एक करायची नाहीत, एकाच वेळी करायची. घरच्यांची बैठक, गावातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला, अब्रूचा विचार यांत जाणारा प्रत्येक तास औषधाच्या हिशेबातून वजा होतो.

२०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्सविषयक कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. त्यानुसार मोजके अपवाद सोडता संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. बाधित विद्यार्थ्याला शाळेत भेदभावाने वागवणे हा कायद्याचा भंग आहे. रुग्णालयासारख्या संस्थांनी तेथे काम करणाऱ्यांना हा प्रतिबंधक उपचार पुरवायचा आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाची आई रुग्णालयात झाडू मारत असेल, तर हा हक्क तिच्यापर्यंत पोचवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता वर्गातून जातो.

चार आकड्यांची भित्तिपत्रके काढून टाकावीत असे म्हणायचे नाही. आकड्यांविना लोक हलत नाहीत. त्यांच्याजवळ चार शब्द लिहावेत, एवढेच. ७२ तासांजवळ 'पण आत्ताच निघा'. २८ दिवसांजवळ 'एकही गोळी न चुकवता'. ८१ टक्क्यांच्या जागी 'धोका मुळात कमी, औषधाने आणखी बराच कमी'. आणि तीन महिन्यांजवळ 'आजची निगेटिव्ह चाचणी कालविषयी बोलत नाही'. हे लिहायला फार जागा लागत नाही.